अमेरिकी विद्यापीठांतील संशोधन अनुदान आणि अप्रत्यक्ष खर्चाचा दर : या चुका टाळा

अमेरिकेतील विद्यापीठातून संघीय अनुदानासाठी प्रस्ताव पाठवताना अंदाजपत्रकाच्या शेवटाकडील एका ओळीत अप्रत्यक्ष खर्चाची रक्कम लिहावी लागते. इमारतींचा घसारा, वीज, ग्रंथालय, लेखा विभाग अशा, कोणत्याही एका प्रकल्पाच्या नावावर टाकता न येणाऱ्या खर्चाची ती भरपाई असते. या ओळीतील बहुतेक चुका एकाच कारणाने होतात: दर किती आहे हे सगळे पाहतात, पण तो कोणत्या रकमेवर लावायचा हे पाहायचे राहून जाते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे संपूर्ण प्रत्यक्ष खर्चावर दर लावणे. विद्यापीठांचा संघीय सरकारशी वाटाघाटीने ठरलेला दर सहसा ‘सुधारित एकूण प्रत्यक्ष खर्चा’वर, म्हणजेच एमटीडीसीवर लागतो. त्यातून महागडी उपकरणे, विद्यार्थ्यांची शुल्कमाफी, शिष्यवृत्त्या, जागेचे भाडे, प्रशिक्षणात सहभागी होणाऱ्यांवरील खर्च आणि प्रत्येक उपअनुदानाचा (प्रकल्पातील काही काम करण्यासाठी दुसऱ्या संस्थेला दिलेल्या रकमेचा) ठरावीक मर्यादेपलीकडचा भाग वगळला जातो. समजा, प्रत्यक्ष खर्च 2,00,000 डॉलर आहे आणि दर 55 टक्के आहे. त्यात 40,000 डॉलरचे उपकरण, 20,000 डॉलरची शुल्कमाफी आणि 80,000 डॉलरचे एक उपअनुदान असून उपअनुदानाचे पहिले 50,000 डॉलरच मोजले जातात. अशा वेळी आधार रक्कम, म्हणजे ज्यावर दर लावायचा ती रक्कम, 1,10,000 डॉलर उरते आणि अप्रत्यक्ष खर्च 60,500 डॉलर होतो. सरसकट आकारणी केली असती, तर हाच आकडा 1,10,000 डॉलर झाला असता. ‘55 टक्के दर म्हणजे निम्म्याहून अधिक पैसे विद्यापीठ घेते’ हा समज किती चुकीचा आहे, हेही याच उदाहरणातून दिसते: एकूण 2,60,500 डॉलरमधील अप्रत्यक्ष वाटा 23 टक्क्यांच्या आसपास आहे.

इथे एक बारकावा अनेकांना अडचणीत आणतो. 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झालेल्या सुधारित संघीय नियमांनी उपअनुदानाची मर्यादा 25,000 वरून 50,000 डॉलर आणि एखादी वस्तू ‘उपकरण’ धरली जाण्यासाठी लागणारी किमान किंमत 5,000 वरून 10,000 डॉलरपर्यंत वाढवली. मात्र विद्यापीठाच्या प्रचलित दर-करारात जुनीच व्याख्या असू शकते. त्यामुळे आकडे जुळत नसतील, तर आधी करारपत्र उघडून त्यातील आधाराची व्याख्या वाचावी. सहकाऱ्याचे मागील वर्षीचे अंदाजपत्रक हा त्याला पर्याय नव्हे.

अनुदानाची एकूण कमाल रक्कम आधीच ठरलेली असते, तेव्हा उलटा हिशेब करावा लागतो आणि तिथे दर थेट वजा करण्याची चूक होते. 3,10,000 डॉलरच्या मर्यादेत, सगळा खर्च आधारात धरला जात असेल तर, 3,10,000 ला 1.55 ने भागायचे असते. म्हणजे प्रत्यक्ष खर्चाला 2,00,000 डॉलर मिळतात. 55 टक्के वजा करणारा संशोधक स्वतःच्या कामासाठी 1,39,500 डॉलरच ठेवतो आणि एखाद्या सहायकाचे वेतन विनाकारण गमावतो.

अनुदान देणाऱ्या संस्थेची मर्यादा कशाच्या टक्केवारीत आहे, हेही तपासावे. कृषी विभागाच्या ‘निफा’ संस्थेच्या अनेक स्पर्धात्मक अनुदानांत अप्रत्यक्ष खर्च एकूण संघीय रकमेच्या 30 टक्क्यांपर्यंत मर्यादित असतो, म्हणजे प्रत्यक्ष खर्चाच्या सुमारे 42.86 टक्के. उपकरण आणि उपअनुदानाच्या पहिल्या उदाहरणात ही मर्यादा सुमारे 85,700 डॉलर येते आणि कराराच्या दराने मात्र 60,500 डॉलरच होतात. दोन्हींपैकी कमी रक्कम घ्यायची असल्याने इथे 55 टक्क्यांचाच हिशेब लागू पडतो. म्हणून टक्केवाऱ्यांची तुलना करू नये, डॉलरची करावी. एनआयएच या आरोग्य संशोधनाला अनुदान देणाऱ्या संघीय संस्थेच्या प्रशिक्षण आणि कारकीर्द-विकास अनुदानांसाठी तर 8 टक्क्यांचा स्वतंत्र दर आहे.

कार्यालयीन कर्मचाऱ्यांचे वेतन प्रत्यक्ष खर्चात दाखवले, तर ते बहुधा नाकारले जाते, कारण तो खर्च दरात आधीच धरलेला असतो. त्याला अपवाद आहेत. पण ते काम प्रकल्पासाठी अत्यावश्यक आहे, हे समर्थनपत्रात स्पष्ट लिहावे लागते. विद्यापीठाबाहेर होणाऱ्या कामाला परिसराबाहेरचा, म्हणजे कमी दर लागतो, हेही विसरू नये.

प्रस्ताव आकर्षक दिसावा म्हणून स्वतःहून दर कमी करण्याचा मोह मात्र निक्षून टाळावा. वीज, इमारत आणि लेखापालांचा खर्च दर घटवल्याने नाहीसा होत नाही. तो विद्यापीठाच्या इतर निधीतून भरावा लागतो. विद्यापीठांच्या दरातील प्रशासकीय खर्चाच्या घटकावर 1991 पासून 26 टक्क्यांची मर्यादा असल्याने त्यातील काही भार विद्यापीठे आधीच सोसत आहेत. सवलत देण्याचा अधिकारही सहसा संशोधकाकडे नसतो.

शेवटचा गोंधळ 15 टक्क्यांचा. ज्या संस्थांचा वाटाघाटीने ठरलेला दर नाही, त्यांना 10 ऐवजी 15 टक्क्यांपर्यंत दर घेण्याची मुभा 2024 च्या सुधारणेने दिली. फेब्रुवारी 2025 मध्ये एनआयएचने सर्वांसाठी 15 टक्के दराची घोषणा केली, ती वेगळी. तिला न्यायालयाने रोखले. बातमी वाचून अंदाजपत्रक बदलू नये, विद्यापीठाच्या प्रायोजित संशोधन कार्यालयाकडून लागू दर लेखी मागवावा. अनुदान सुरू होताना जो वाटाघाटीचा दर लागू असतो, तोच सामान्यतः त्या अनुदानाच्या संपूर्ण मुदतीसाठी कायम राहतो.