ऑनलाइन कोर्स तयार करताय? आधी या चुका टाळा

"सर, आवाज कटून रायला." माझ्या पहिल्या ऑनलाइन तासाला तासभरात आलेला एकमेव प्रतिसाद हा. मी यवतमाळात वायफायवर बसून अर्थशास्त्र शिकवत होतो आणि निम्मे पोट्टे वावरात, बांधावर रेंज शोधत उभे होते.

वर्गातला तास जसाच्या तसा रेकॉर्ड करणं ही सगळ्यात महागडी चूक. ४८ मिनिटांच्या तासातली सुरुवातीची ५ मिनिटं हजेरी घेण्यात आणि मागच्या बाकाला दटावण्यात जातात. ते कोण डाउनलोड करणार? मागणीची लवचिकता सांगायला ८ मिनिटं पुरतात: मिठाचे भाव वाढले तर घरात मीठ कमी लागतं का, सिनेमाचं तिकीट वाढलं तर काय होतं, आणि मग आलेख. एका व्हिडिओत एकच संकल्पना घ्या. मोबाइलवर १०८० पिक्सेलला चित्रीकरण केलं की फाइल सहज मिनिटाला १०० एमबीच्या वर जाते. 'हँडब्रेक' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात ती ४८० वर आणा. फळ्यावरची अक्षरं ठसठशीत असतील तर वाचायला अडत नाही. सोबत नुसता आवाजही द्या. ६४ केबीपीएस दर्जाला ८ मिनिटांची फाइल ४ एमबीच्या आतच राहते. सीतादही (कापूस वेचणीआधीची पूजा) झाली, वेचणी लागली की माझ्या थेट तासाची हजेरी निम्म्यावर येते, पण ऑडिओ मात्र ऐकला जातो. कानात इअरफोन, कमरेला कापूस वेचायची ओटी.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर कूलर बंद करा. मे महिन्यात हे सांगणं क्रूरपणाचं आहे, मान्य, पण त्या घरघरीत तुमचं वाक्य विरून जातं. सकाळी सहाला रेकॉर्ड करा, इअरफोनचा माइक वापरा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका. खोली घुमत असेल तर समोरच्या भिंतीवर सतरंजी टांगा.

पुढची चूक मी दोन सत्रं केली: स्वाध्यायाची मुदत रात्री ११:५९. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर असलेल्या मुलाचा डेटा संध्याकाळीच संपतो आणि नवा येतो रात्री बाराला. म्हणजे मुदत संपते आणि नेट सुरू होतं! आता मी सकाळी १० ची वेळ देतो. उशिराचे स्वाध्याय जवळपास बंद झाले.

गूगल फॉर्ममध्ये 'एकच प्रतिसाद' हा पर्याय सुरू ठेवलात की गूगल खात्याने लॉगिन करावं लागतं. बहीण-भाऊ एकाच फोनवर, एकाच खात्यावर असले की पहिल्याची चाचणी जाते आणि दुसरीला 'तुम्ही आधीच उत्तर दिलं आहे' असं ऐकवलं जातं. तो पर्याय बंद करा आणि हजेरी क्रमांक विचारा. गूगल मीटवरच्या हजेरीतही हाच घोळ होतो. एकदा माझ्या यादीत 'पप्पा', 'रेडमी' आणि एक अख्खं कृषी केंद्र हजर होतं. तेव्हापासून चॅटमध्ये क्रमांक टाकायला लावतो. आणि हो, मोफत खात्यावर तीन किंवा जास्त जणांची बैठक ६० मिनिटांत बंद पडते, तेव्हा शंकांसाठी दहा मिनिटं आधीच राखून ठेवा.

कृतिदेवमधल्या जुन्या नोट्स वर्डमध्येच पाठवू नका. मोबाइलमध्ये तो फॉन्ट नसतो, त्यामुळे मुलांना इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. पीडीएफ केली तर वाचता येते, पण त्यातलं वाक्य शोधता येत नाही आणि फॉर्ममध्ये चिकटवता येत नाही. एकदाच बसून युनिकोडमध्ये (मोबाइलवर नीट दिसणाऱ्या मराठी अक्षरांत) बदलून घ्या. बदलताना जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, तेवढे नजरेखालून घाला.

व्हिडिओ चढवले म्हणजे कोर्स झाला, हाही एक समज. केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या 'स्वयम्' या मंचाच्या रचनेत व्हिडिओ हा चारांतला एकच भाग आहे. वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चा हे उरलेले तीन. आपल्याकडे चर्चा कोरडीच राहते, कारण मराठीत टाइप करायचा मुलांना कंटाळा येतो. मी व्हॉइस नोट चालेल म्हटलं, तर पहिल्याच आठवड्यात एका मुलीने विचारलं, "सर, कापसाचा भाव पडला तरी बाबा कापूसच पेरते, मंग पुरवठ्याचा नियम कुठं गेला?" त्या प्रश्नावर मी वेगळा व्हिडिओ केला. आठ मिनिटांत बसला नाही, अकरा लागली.