जुनी माउंटन बाइक घेताय? आधी सीटपोस्ट हलवून बघा

पोलादी फ्रेमच्या जुन्या माउंटन बाइकचं निम्मं भवितव्य सीटपोस्टवर, म्हणजे सीट धरणाऱ्या दांड्यावर ठरतं. बोल्ट सैल करा आणि सीट डावी-उजवीकडे फिरवा. पोस्ट हलली तर पुढचं बोला. हलत नसेल तर रंग कितीही चकचकीत असो, भाव पाडूनच घ्या. ॲल्युमिनियमची पोस्ट आणि पोलादी नळी यांच्यामध्ये पाणी शिरलं की पोस्टवर पांढरी भुकटी धरते, ती फुगते आणि पोस्ट आवळून बसते. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत हे फार लवकर होतं.

मग फ्रेमकडे वळा. समोरून आपटलेल्या बाइकची खूण हेडट्यूबच्या (हँडलखालच्या आखूड पुढच्या नळीच्या) मागे, खालच्या नळीच्या पोटाशी सापडते: तिथे बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा बारीक उंचवटा लागला तर ती फ्रेम सोडून द्या. सरळपणा तपासायला मागचं चाक काढा. एका बाजूच्या चाकाच्या खाचेत दोरा बांधून हेडट्यूबला वळसा घालून दुसऱ्या खाचेत ताणून बांधा. दोन्ही बाजूंना दोरा आणि सीटची नळी यांतलं अंतर मोजा. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक म्हणजे मागचा भाग वाकलाय.

वय ओळखताना स्टिकरवर विसंबू नका, भाग एकमेकांशी ताडून पाहा. माउंटन बाइक आकाराला आली कॅलिफोर्नियातल्या मारिन काउंटीत, १९७०च्या दशकात. मोठ्या प्रमाणावर बनलेली पहिली बाइक म्हणजे स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजंपर, १९८१ची. गिअर-ब्रेक बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या जुन्या भागांवर दोन अक्षरांचा शिक्का असतो. क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) आतल्या अंगाला आणि डिरेलरच्या (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाच्या) मागे शोधा. पहिलं अक्षर वर्षाचं: ए म्हणजे १९७६, पुढे दर वर्षी एक अक्षर. दुसरं महिन्याचं, ए ते एल. म्हणजे ‘एन सी’ हा मार्च १९८९. तीन-चार भागांवर तेच वर्ष निघालं तर बाइक त्या किंवा त्याच्या पुढच्या वर्षाची धरा. एकच भाग वेगळा असेल तर तो नंतर बसवलेला. हँडलच्या वर अंगठ्याने ढकलायचे गिअर, अंडाकृती चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र), मागच्या आडव्या नळ्यांच्या खाली बसवलेला यू-ब्रेक ही १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धाची चिन्हं. व्ही-ब्रेक (रिमच्या दोन्ही बाजूंना उभे लांब हात असलेले) आले १९९६च्या सुमारास. त्याआधीच्या बाइकवर दिसले तर कुणीतरी बदललेत. त्याआधीच्या कँटिलिव्हर ब्रेकची लिव्हर त्यांना पुरेशी तार ओढत नाही आणि हँडलला टेकते.

अडकलेल्या पोस्टला घाई करू नका. बोल्ट काढा, कॉलरच्या (पोस्ट आवळणाऱ्या कड्याच्या) फटीत गंज सोडवणारं तेल सोडा. बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या आसाची बेअरिंग) काढून फ्रेम उलटी धरा आणि खालूनही तेल ओता. हे रोज एकदा, निदान तीन दिवस. मग पोस्टवर टाकाऊ सीट बसवून फिरवा. चांगली सीट लावली तर तिच्या खालच्या दांड्या (रेल) वाकतात. नळी तापवायचा मोह टाळा, रंग जळतो. उलट पोस्टमध्ये बर्फ भरा: ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे दुप्पट आकसतं, त्यामुळे पकड सुटायला मदत होते. तरीही हलली नाही तर पोस्ट वरून कापा आणि करवतीचं नुसतं पातं आत घालून उभा काप घ्या. नळीला लागण्याआधी थांबा आणि पोस्ट आतल्या बाजूला दुमडून काढा. कॉस्टिक सोडा घरी वापरू नका. तो रंग खातो आणि हायड्रोजन सोडतो.

नवी पोस्ट जुन्या पोस्टवर कोरलेल्या मापाचीच घ्या: २६.४, २६.६, २६.८, २७.२ असली मापं दिसतात. ०.२ मिमी बारीक पोस्ट घालून कॉलर आवळली की कॉलरचे कान वाकतात, पुढे चिरतात. बसवताना ग्रीस लावा.

बेअरिंगांचे छर्रे पुन्हा वापरू नका, नवे स्वस्त आहेत. पुढच्या हबला (चाकाच्या मध्यभागाला) प्रत्येक बाजूला ३/१६ इंचाचे १०, मागच्या हबला १/४ इंचाचे ९, जुन्या बॉटम ब्रॅकेटला १/४ इंचाचे ११ असं बहुधा असतं, पण काढताना मोजाच. कोनवर (छर्रे ज्यावर फिरतात त्या शंकूसारख्या भागावर) खड्डे पडले असतील तर कोन बदला. क्विक-रिलीजच्या हबमध्ये कोन घट्ट करताना किंचित खेळ ठेवा; लिव्हर आवळल्यावर ॲक्सल दबतो आणि खेळ जातो. आधीच खेळ संपवला तर छर्रे कोन खातात. बॉटम ब्रॅकेटचा उजवा कप बहुतेक बाइकवर उलट्या आट्यांचा असतो, तो घड्याळाच्या दिशेने सुटतो. डावं पेडलही तसंच.

गिअरचा खटका लागत नसेल तर शिफ्टर (गिअर बदलायची लिव्हर) फेकू नका. आतलं ग्रीस गोंदासारखं झालंय. तार काढा, क्लीनर फवारा, पन्नासेक वेळा खटके मारा, शेवटी पातळ तेल सोडा. शिफ्टर उघडू नका, स्प्रिंगा उडतात.

मूळ रंग वाचवा, पावडर कोटिंग टाळा. स्टिकर जातात आणि बॉटम ब्रॅकेटखालचा क्रमांक बुजतो. त्याचा फोटो आधीच काढून ठेवा. साबणाचं पाणी, मग मेण. क्रोमवरचा गंज पाण्यात भिजवलेल्या ॲल्युमिनियम फॉइलने घासा. नळ्यांच्या आत जवसाचं उकळलेलं तेल फिरवून एक-दोन दिवस निथळू द्या. तेलाच्या चिंध्या चुरगाळून ठेवू नका, आपोआप पेटतात, पसरून वाळवा.

टायर घेताना फक्त ‘२६’ बघू नका. या बाइकला ५५९ मिमीचा टायर लागतो. दुकानातला २६ × १ ३/८चा ५९० मिमीचा असतो आणि या रिमवर बसत नाही. आकडा टायरच्या कडेला छापलेला असतो, तिथेच वाचून मग पैसे द्या.