ट्रॉलीचा एक्सल: या चुका टाळा

ट्रॅक्टरच्या भरल्या ट्रॉलीचं चाक रस्त्यात निखळलं की 'माल जास्त झाला, एक्सल तुटला' एवढं बोलून विषय संपतो. जादा माल नडतोच, पण बऱ्याचदा आधी बेअरिंग जाम झालेलं असतं. त्याचा कोन, म्हणजे आतली कडी, एक्सलच्या टोकावर फिरू लागतो, लोखंड खातो आणि बारीक झालेलं टोक एखाद्या खड्ड्यात मोडतं. खान्देशात कपाशी आणि ऊस एकदम निघतात, तेव्हा हब (बेअरिंग बसतात तो चाकाचा मधला भाग) खोलायला कुणाला सवड नसते. त्याआधीच खोला.

सगळ्यात महागात पडते ती नट आवळण्यातली चूक. हबमध्ये दोन टेपर, म्हणजे निमुळत्या रोलरची, बेअरिंग असतात, आतलं मोठं, बाहेरचं लहान. पान्याला पाइप लावून नट कसला की रोलर दबतात, हब तापतो, ग्रीस पातळ होऊन सीलमधून (ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणारी कडी) गळतं. सैल ठेवला तर चाक डुलतं आणि सील एका बाजूने झिजतं. रिकामी ट्रॉली जॅकवर घ्या, खाली लाकडी ठोकळे द्या, दुसऱ्या चाकाला दगड लावा. चाक हाताने फिरवत नट आवळा. ते जड फिरू लागलं की थांबा आणि नट साधारण एक खाच मागे घ्या. नटाची खाच आणि कॉटर पिनचं (नट फिरू नये म्हणून आरपार घालायची दुपेडी पिन) भोक जुळत नसेल तर नट आणखी थोडा सैल करा, आवळून जुळवू नका. कॉटर पिन नवीच घाला. तिच्या जागी खिळा वाकवून घालणारे आहेत, पण तो झिजून पडला की नट आणि चाक दोन्ही गेले. पाच-सात किलोमीटरनंतर थांबून हबला हात लावा: कोमट चालेल, चटका बसला तर नट किंवा बेअरिंग पुन्हा बघा.

ग्रीस वरून फासून उपयोग नाही. जुनं डिझेलने धुवा, बेअरिंग पूर्ण वाळू द्या, मग तळहातावर ग्रीस घेऊन रोलरच्या फटींत दाबून भरा. हबची पोकळी अर्ध्याच्या वर भरू नका. लिथियम ग्रीसमध्ये दुसरं स्वस्त ग्रीस मिसळू नका. रोलर निळे पडलेले दिसले तर बेअरिंग तापलंय, गंजाचे खड्डे दिसले तर पाणी शिरलंय. कप (बेअरिंगची बाहेरची कडी) आणि कोन जोडीनेच बदला.

पाणी शिरतं कसं? रावेर-यावलकडे केळीचा माल भरून आलेली ट्रॉली तापल्या हबसह नाल्यात उतरते. हब अचानक गार होतो, आतली हवा आकसते आणि जुन्या सीलमधून पाणी ओढलं जातं. अशा खेपांनंतर हब लवकर खोला.

टायर आतल्या कडेने झिजत असतील, चाकांची वरची बाजू आत कललेली दिसत असेल, तर एक्सल वाकलाय. गॅसने लाल करून सरळ केलेला एक्सल पुन्हा तिथेच वाकतो, आणि वेल्डिंग केलेला बहुधा सांध्याच्या शेजारी तडकतो. बदलणंच स्वस्त.

चाकाचे नट समोरासमोरचे आवळा, आणि पहिल्या भरल्या खेपेनंतर पुन्हा एकदा.