विश्वामित्रीकाठच्या फेरीला येण्याआधी

रविवारी सकाळी साडेसहाला कमाटीबागेच्या फाटकाशी या. उशीर नको; मार्चमध्ये नऊ वाजले की बडोद्याचं ऊन टोचायला लागतं आणि पाखरं पानांआड जातात. आधी पायांचं बघा. जाड तळव्याचे, घोटा झाकणारे बूट हवेत, कारण नदीच्या कोतरांत, म्हणजे काठच्या घळींत, गांडो बावळीचा (वेड्या बाभळीचा) काटा रबरी चपलेतून सरळ आत शिरतो. लांब विजार, पूर्ण बाह्यांचा मातकट शर्ट, टोपी, लिटरभर पाणी. दुर्बीण नसली तरी अडत नाही.

खाण्याचं काही आणू नका, सेव-उसळ परतल्यावर खाऊ. कुत्रा कितीही गुणी असला तरी घरीच ठेवा, नदीतल्या मगरीला तो भक्ष्यच वाटतो. त्यातून हे दिवस माद्यांचे. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये त्या काठाच्या मऊ मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी पुरतात आणि पावसाच्या तोंडावर पिल्लं निघेपर्यंत आसपास राखण करतात. म्हणून पाण्याकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, काठावर टेकायचं नाही, उकरलेली माती दिसली की मागे फिरायचं. ओल्या गाळात मधोमध शेपटीची नागमोडी रेघ आणि दोन्ही बाजूंना नखांचे ठसे असतात. ते मी लांबूनच दाखवेन. मुलांना जरूर आणा, पण हात सोडू नका.

नजर जमिनीवर ठेवायची सवय आत्तापासूनच करा. गेल्या वर्षी माझ्या बुटापासून वीतभरावर टिटवीची चार अंडी होती: निमुळती टोकं आत वळवलेली, रंग मातीचा, वर काळपट ठिपके, आणि घरटं म्हणजे नुसते खडे. त्या दिवशी फार घाबरलो होतो. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की आहात तिथेच थांबा, मी सांगेपर्यंत पाऊल उचलू नका.

वही-पेन्सिल मात्र हवीच. ऑगस्ट २०२४च्या पुरात विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली होती. फांद्यांत कुठे चिंध्या, प्लॅस्टिक लटकलेलं दिसलं तर ते आपल्या डोक्याच्या किती वर आहे, अंदाजाने लिहून ठेवा. आपण चालणार ती सगळी जमीन नदीच्याच पूरपट्ट्यातली आहे, हे त्या उंचीवरून कळतं.

गुडघ्यांचा त्रास असेल तर शनिवारीच कळवा, कोतराची उतरण टाळून पुलाकडचा सपाट रस्ता धरू.