दोन दिवस विजापूर: दुखरे सांधे घेऊन निघताना

तारीख ठरवण्याआधी औषधांचे वार बघा. मला आमवात होऊन नऊ वर्षं झाली. त्यावरची मेथोट्रेक्सेट ही गोळी मी शनिवारी रात्री घेते. रविवार मळमळीत जातो, सोमवारी अंग जड असतं. म्हणून सोलापुरातून आम्ही निघतो बुधवारी. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. प्रवासात वारांचा घोळ होतो, तेव्हा गोळीच्या पाकिटावर वार पेनाने लिहून ठेवा. दुखणं वाढलं तर कोणती गोळी, किती आणि दिवसातून किती वेळा, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर घ्या. पॅरासिटामॉल सर्दीच्या कितीतरी गोळ्यांतही असतं, नकळत दुप्पट पोटात जातं. औषधं हातातल्या पिशवीत, चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये.

निघण्याआधीचे दोन दिवस रिकामे ठेवा. अख्ख्या तयारीत मला हेच सगळ्यात अवघड जातं. गावाला जायचं म्हटलं की आपण फ्रिज पुसतो, चादरी धुतो, चिवडा करतो, चौघांच्या बॅगा भरतो आणि गाडीत बसेपर्यंत अंगातलं त्राण संपतं. एकदा तर मंद्रूप यायच्या आतच माझी मनगटं सुजली होती. आता आमच्याकडे ज्याची बॅग त्याने भरायची. घर पसरलेलं असलं तरी कुलूप लावायचं.

लॉजवाल्याला फोन करून नेमकं विचारा. ‘सगळी सोय आहे’ या उत्तरावर थांबू नका. खोली तळमजल्यावर आहे का, लिफ्ट असेल तर लिफ्टपर्यंत किती पायऱ्या, कमोड आहे का, सकाळी गरम पाणी किती वाजता येतं? डिसेंबरात हवा छान असते, पण गारठ्यात माझी बोटं तासभर तरी मिटत नाहीत. गरम पाण्याखाली हात धरले की ती हळूहळू सैल होतात. म्हणून निघायचं दहाला. पहाटेचा हट्ट घरच्यांनी सोडायचा.

रस्ता साधारण शंभर किलोमीटरचा. पाठ दुखायला लागल्यावर थांबून उपयोग नसतो, दुखण्याआधी उतरायचं. आमचे थांबे ठरलेले: मंद्रूप, मग भीमेचा पूल ओलांडल्यावर झळकी. पाच मिनिटं चालायचं, पाणी प्यायचं. कमरेच्या खोलगट भागामागे सोलापुरी टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवा, विकतच्या उशीपेक्षा मला तीच बरी वाटते. पाण्याच्या बाटल्यांची झाकणं घरीच कुणाकडून तरी सैल करून घ्या. दुखण्याच्या बऱ्याच गोळ्या रिकाम्या पोटी सोसत नाहीत, म्हणून शेंगाचटणी, दही आणि कडक भाकरी सोबत असू द्या. भाकरीचे तुकडे घरीच करून न्या, दुखऱ्या बोटांनी गाडीत मोडत बसायला नको.

आता गोलघुमट. मोहम्मद आदिलशहाच्या या कबरीच्या चार कोपऱ्यांना सातमजली मनोरे आहेत, आणि आवाज घुमतो त्या सज्जात जायचं तर मनोऱ्यातल्या अरुंद, उंच पायऱ्या चढाव्या लागतात. तीन वर्षांपूर्वी मी चढले. पोरं म्हणाली, ‘आई, चल ना,’ आणि मला नाही म्हणवलं नाही. वर पोचल्यावर त्यांनी पलीकडून भिंतीशी तोंड नेऊन मला हाक मारली. ती ऐकू आली, पण गुडघे असे ठणकत होते की माझं लक्ष सगळं उतरण्याकडे. पुढचे चार दिवस अंथरुणात गेले. म्हणून आदल्या रात्रीच घरात बोलून घ्या: मी काय करणार, काय नाही, आणि मी बसले तर तुम्ही थांबायचं नाही. कुणाला तरी सोबत बसवून ठेवलं की त्याचा दिवस आपण खाल्ला असं वाटत राहतं, आणि ते दुखण्याहून जास्त लागतं. मी खालीच, घुमटाखाली कबरीच्या चौथऱ्यापाशी उभी राहणार आहे. मान वर करून तो एवढा मोठा घुमट मी आजवर नीट बघितलेलाच नाही. मग बाहेर हिरवळीवर चादर अंथरून आडवी होईन. दुपारी सगळ्यांनी दोन तास खोलीवर, आणि संध्याकाळी फक्त इब्राहिम रोजा, म्हणजे इब्राहिम आदिलशहाची कबर. मुलुख-ए-मैदान तोफ दुसऱ्या दिवशी, तीही अंगात जोर असला तर.

गुरुवारी रात्री परत. शुक्रवार पूर्ण मोकळा, जेवणाचा डबा आधीच सांगून ठेवलेला, पाहुणे नाहीत, धुणं नाही. बॅगा शनिवारी उघडायच्या. शनिवारी रात्री गोळी आहेच.