अक्षरांच्या मधे डॅश घालायचाय? आधी "कल्पना" टाकून बघा

भाचीसाठी शब्द फोडून दाखवणारा छोटासा गेम पायथनमध्ये करत होतो, म्हणजे "कमल" टाकलं की "क-म-ल" यायला हवं, एवढंच. मी सरळ लूप लावला, प्रत्येक अक्षरामागे एक डॅश चिकटवत गेलो, आणि आलं काय तर "क-म-ल-". तो शेवटचा डॅश उडवायला परत एक इफ लावला. असलं काही करू नका, जॉइन वापरा.

लिहायचं असं (मी देवनागरीत लिहितोय, तुम्ही इंग्रजी स्पेलिंग टाका):

"-".जॉइन(शब्द)

नवीन लोक इथेच गोंधळतात, कारण उलटं वाटतं, डॅश आधी आणि शब्द कंसात. जॉइन ही स्ट्रिंगची (म्हणजे मजकुराची) मेथड आहे, जो जोडणारा त्याच्यावर ती चालवायची आणि ज्याला जोडायचं ते आत द्यायचं. जावास्क्रिप्टमध्ये बरोबर याच्या उलट, तिथे अ‍ॅरेवर जॉइन चालतं आणि कंसात डॅश जातो, काही दिलंच नाही तर ते आपलं आपण स्वल्पविराम घालतं.

आकड्यांची लिस्ट दिलीत तर टाइपएरर येणार, "एक्स्पेक्टेड एसटीआर इन्स्टन्स, इंट फाउंड" वगैरे. घाबरायचं नाही, आत मॅप(एसटीआर, लिस्ट) टाकायचं, म्हणजे प्रत्येक आकड्याची स्ट्रिंग होते. फाइलमधून ओळी वाचत असाल तर आधी स्ट्रिप करा (म्हणजे कडेची रिकामी जागा काढून टाका), नाहीतर ओळीच्या शेवटी जो न दिसणारा न्यूलाइन असतो त्याच्याही आधी एक डॅश येऊन बसतो आणि आपण डोकं खाजवत बसतो.

आता खरी गंमत. "कमल" मस्त चाललं म्हणून मी खूश, आणि भाचीने टाकलं "कल्पना". स्क्रीनवर डॅशच्या मधे लोंबकळणारा काना, टिपक्यांचा गोल, "मामा हे काय?" झालं असं की पायथनला आपली अक्षरं दिसत नाहीत, युनिकोडचे कोड पॉइंट दिसतात, म्हणजे प्रत्येक चिन्हाला दिलेला वेगळा नंबर. क, ल, पाय मोडायचं चिन्ह, प, न, काना, असे 6. लेन (लांबी मोजणारं फंक्शन) काढून बघा, 6 च येईल, आणि आपण मोजतो 3: क, ल्प, ना.

यावर उपाय म्हणजे रेजेक्स नावाचं वेगळं पॅकेज पिपने (पायथनची पॅकेजं टाकायचं टूल) टाकायचं, पायथनसोबत येणाऱ्या आरई मोड्यूलला हे जमत नाही. मग फाइंडऑलला पॅटर्न द्यायचा बॅकस्लॅश आणि कॅपिटल एक्स (म्हणजे एक अख्खं अक्षर), जी लिस्ट मिळेल ती जॉइनमध्ये टाकायची. काना-मात्रा आपापल्या अक्षराला चिकटून राहतात. जोडाक्षरं मात्र तपासून घ्या, ती न तोडण्याचा नियम युनिकोडमध्ये 15.1 पासून, म्हणजे 2023 मध्ये आला, त्यामुळे रेजेक्सच्या जुन्या व्हर्जनवर "क-ल्-प-ना" मिळेल. तसं झालं तर जो तुकडा पाय मोडून संपतो त्याला पुढच्या तुकड्याला जोडून टाकायचं आणि मगच जॉइन करायचं, मी तेच केलं, चार ओळींचं काम आहे.