पाडव्याच्या शोभायात्रेला मुलांना नेताना

पाडव्याची सकाळ आधीच भरगच्च असते. मुंबई-ठाण्याकडे त्या सुमारास सूर्य सव्वासहा ते पावणेसातच्या दरम्यान उगवतो. गुढी उभारायची, मुलांच्या तोंडात कडुलिंबाची गोळी सारायची आणि वर शोभायात्राही गाठायची. म्हणून काठी धुऊन, तांब्या घासून, गाठी नि कडुलिंबाचा डहाळा एका ताटात काढून आदल्या संध्याकाळीच ठेवा. मुलांचे कपडे अगदी आतल्या बनियनपासून एकेकाच्या ढिगात लावा. सकाळी कपाट उघडायची वेळ आली की अर्धा तास गेलाच समजा.

त्याआधी एक गोष्ट घरात ठरवून टाका: यात्रा पूर्ण बघायची नाही. पथकं, चित्ररथ, लेझीम, दुचाकीवरच्या नऊवारीतल्या बायका हे सगळं चार-चार तास चालतं. पाच वर्षांचं मूल भर गर्दीत दोन तास आनंदात असतं, त्यानंतर ते नुसतं सहन करत असतं. साडेदहाला परत फिरायचं हे घरूनच ठरलेलं असलं की बाकीची यादी आपोआप आटोपशीर होते.

जागा आदल्या दिवशी पाहून ठेवावी. आयोजक मार्ग जाहीर करतात आणि वाहतूक पोलिसांची बंद रस्त्यांची सूचनाही निघते, दोन्ही वाचा. डोंबिवलीत १९९९ साली गणेश मंदिर संस्थानाने नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली, तेव्हापासून फडके रोड हे गर्दीचं हक्काचं ठिकाण. गिरगावात फडकेवाडीच्या गणपतीपासून ठाकुरद्वारकडे तीच गत. तरुण मंडळी तिथे जाऊ देत. लहान मुलं बरोबर असतील तर मुख्य चौक टाळा, कारण पथकं चौकातच थांबून वाजवतात. दोन चौकांच्या मधला, मागे गल्ली किंवा सोसायटीचं फाटक असलेला पट्टा निवडा. रस्ता उत्तर-दक्षिण असेल तर पूर्वेच्या फुटपाथवर उभे राहा, तिकडच्या इमारतींची सावली दहा-साडेदहापर्यंत टिकते. रस्ता पूर्व-पश्चिम असेल तर दक्षिणेची बाजू धरा. सावलीची बाजू चुकली तर नऊ वाजताच मुलं कुरकुरायला लागतात आणि आपण त्यांच्यावरच चिडतो.

आता आवाज, ज्याची तयारी बहुतेक घरांत शून्य असते. ढोल-ताशा पथकाच्या अगदी जवळ आवाज सहज १०० डेसिबलच्या घरात जातो. कारखान्यातल्या कामगारांसाठी वापरला जाणारा एक हिशेब असा: ८५ डेसिबलला आठ तास चालतील, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० ला पंधरा मिनिटं, तीही मोठ्या माणसाची. कानात कापूस घातल्याने फारसा फरक पडत नाही. डोक्यावरून पट्टा येणारे, पूर्ण कान झाकणारे मुलांचे इअरमफ घ्या आणि आठवडाभर आधी घरात घालून खेळू द्या, नाहीतर ऐन वेळी मूल ते भिरकावून देतं. फोमचे बोळे लहान मुलांच्या कानात नीट बसत नाहीत, शिवाय काढून तोंडात घातले तर घशात अडकायची भीती. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. दोन्हीकडे उंच इमारती असलेल्या रस्त्यात तेवढा उतरत नाही. म्हणून मागची गल्ली हवी. पथक येताना दिसलं की आत सरका, पुढे गेलं की बाहेर या. तान्ह्या बाळाला यात्रेत नेऊच नका, आजीजवळ ठेवा.

कपड्यांची हौस पाडव्याला होणारच, ती करावीही. फक्त मुलीची नऊवारी शिवलेली, कमरेला इलास्टिकची घ्या आणि आत सुती चड्डी असू द्या. नेसवलेली नऊवारी गर्दीत सुटली तर परत नेसवायला जागा मिळत नाही, आणि ऐन वेळी "शू लागली" झालं तर विचारूच नका. धोतरही तसंच, तयार. नथ दाबाची असते, ती फोटोपुरती घाला आणि लगेच काढून पाकिटात ठेवा. तीन वर्षांखालच्या मुलीला घालूच नका. सोन्याचं काहीही नको. तयार फेटा घेताना मुलाच्या डोक्याचा घेर टेपने मोजून न्या. घट्ट फेट्याने कपाळ ठणकतं, सैल असेल तर तो दर दोन मिनिटांनी डोळ्यावर येतो, आणि घाम तर दोन्हींत येतोच. वीस-पंचवीस मिनिटांनी उतरवा, सुती टोपी चढवा. नव्या कोल्हापुरी चपला त्या दिवशी पहिल्यांदा घालायच्या नाहीत. पायात रुळलेले, मागून पट्टा असलेले सँडल हवेत, कारण गर्दीत टाचेवर पाय पडून निघालेली चप्पल परत मिळत नाही.

पाणी तीन तासांसाठी मुलामागे अर्धा लिटर आणि मोठ्यांना पाऊण लिटर. ओआरएस घरूनच कालवून न्या: २१ ग्रॅमची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात, ४.२ ग्रॅमची २०० मिलीत. अंदाजाने अर्धी पुडी पेल्यात टाकू नका. मिश्रण दाट झालं तर फायद्याऐवजी त्रास होतो. वाटेत लोक प्रेमाने सरबत वाटतात, पण त्यातल्या बर्फाची खात्री नसते, मुलांना देऊ नका. निघण्याआधी पोटभर उपमा किंवा पोळी-भाजी झालेली असावी. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा धपाटे. केळं पिशवीत दबून लगदा होतं. गळ्यातल्या गाठीचं कौतुक सगळ्यांना, पण मूल ती सकाळभर चघळतं, तहानतं आणि हात-कपडे चिकट करून ठेवतं. गाठी घरच्या गुढीवरच शोभतात.

बाबागाडी नेऊ नका. रस्त्यावरची मोठी रांगोळी, दोर आणि माणसांचे पाय यांतून ती चालत नाही. लहानग्याला पोटाशी बांधायची झोळी बरी. खांद्यावर बसवलं तर ध्वजपथकापासून लांब राहा, ध्वज फिरवणाऱ्याला मागचं दिसत नाही. घोड्याच्या मागे तर कुणीच उभं राहू नये. दमा असेल तर पंप वरच्या खिशात ठेवा, रंगाची पूड आणि धूळ दोन्ही उडतात.

हरवण्याची तयारी दोन मिनिटांची आहे. निघताना दारातच मुलाचा पूर्ण उंचीचा फोटो काढा, त्याच दिवसाच्या कपड्यांत. मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने दोन मोबाइल नंबर लिहा आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लावा, घामाने पुसत नाही. नाव बाहेर दिसेल असं लिहू नका. मुलाला एवढंच पढवा: हात सुटला तर जिथे आहेस तिथेच थांब, आणि गणवेशातल्या पोलिसाला किंवा मूल बरोबर असलेल्या बाईला सांग. गर्दीत फोन लागेलच असं नाही, तेव्हा मोठ्यांचं भेटायचं ठिकाण आधी ठरवा. "देवळापाशी" पुरत नाही, "देवळाच्या डावीकडचं औषधांचं दुकान" असं हवं. मूल दिसेनासं झालं तर शोधत बसण्याआधी ११२ ला फोन करा. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनीही आहे.

मूल स्वतः चित्ररथावर जिजाऊ किंवा शिवराय होऊन उभं राहणार असेल तर हिशेब बदलतो. जमायची वेळ यात्रेच्या बरीच आधीची असते, म्हणजे मूल तासभर जास्त उन्हात. रथावर धरायला पक्का दांडा आहे का, जनरेटरचा धूर कुणाच्या तोंडावर येतो, उतरायला शिडी आहे का, हे चढवण्याआधी बघा. चालत्या ट्रकवर उभं मूल पहिल्या ब्रेकलाच पडतं, तेव्हा बसायला चौरंग मागून घ्या. मिशी डिंकाने चिकटवण्यापेक्षा काजळाने काढा, पुरळ उठत नाही. एका पालकाने रथाच्या बाजूने पाणी घेऊन चालायचं, दुसऱ्याने शेवटच्या ठिकाणी साधे कपडे घेऊन थांबायचं. दोघंही फोटो काढायला पुढे धावले की मुलाजवळ कुणी उरत नाही.

लोकलने जाणार असाल तर रिटर्न तिकीटच काढा. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट लागतं, त्याखालच्यांना नाही. पाडवा रविवारी आला तर मेगाब्लॉक आहे का ते आदल्या दिवशी पाहा. परतताना यात्रा संपायच्या आत स्टेशनचा पूल गाठा. पथकं सुटल्यावर ढोलांसकट सगळे एकाच जिन्यावर येतात. उशीर झालाच असेल तर जिना टाळून अर्धा तास सावलीत बसणं परवडतं. श्रीखंड-पुरी घरी आहेच, पण आधी पाय धुऊन मुलांना थोडं पाणी पाजा, लगेच ताटावर बसवलं तर उन्हातून आलेलं मूल दोन घासांत उठतं.